मागे गुरं कोण राखतं?

मार्च 2018च्या शेतकऱ्यांच्या नाशिक-मुंबई पायी मोर्चाविषयी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात कुणाशीही बोलायला बसलं, की कोण कोण चालत गेलं याची नावं भराभर निघतात. उंबरठाणच्या बाजूच्या एका पाड्यावर मी वेगळंच विचारलं. घरी कोण राहिलं होतं? ओसरीवर बसून नागली पाखडणाऱ्या एका आजींनी सूप न थांबवता सांगितलं, "मी होते ना. दोन बैल, एक गाय, सहा शेळ्या. त्यांना पाण्यावर कोणी नेलं असतं?" थोड्या वेळाने आठवल्यासारखं त्या पुढे म्हणाल्या, "शेजारच्यांची गुरंपण माझ्याकडेच होती. त्यांच्याकडचं कोणी उरलंच नव्हतं."

ते ऐकल्यापासून राजकारणाकडे बघताना माझा पहिला प्रश्न बदलला आहे. एखादा माणूस राजकारणात कसा आला, किती मतांनी आला, हे आपण विचारतोच. त्याची गुरं मागे कोण राखत होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

पीक एखादा दिवस वाट बघतं. भाताची कापणी दोन दिवस पुढे गेली तर नुकसान होतं, पण ते सोसता येतं. जनावराचं तसं नाही. सकाळी दावं सोडायचं, दुपारी पाण्यावर न्यायचं, दिवस मावळायच्या आत मोजून गोठ्यात घ्यायचं, आणि हे वर्षाचे 365 दिवस. सुरगाण्याच्या डोंगरात पाऊस धो धो पडतो आणि नार-पार नद्यांच्या वाटेने गुजरातकडे निघून जातो. उन्हाळ्यात त्याच डोंगरात गुरं पाण्यावर न्यायची तर निम्मा दिवस त्यातच जातो. अशा माणसाला तहसीलच्या एका खेपेसाठीही आधी शेजाऱ्याला गाठावं लागतं. सभा, समिती, सुनावणी, पुढची तारीख या सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं, की समोरच्याचा दिवस मोकळा आहे.

जगात गुरं-मेंढरांच्या जोरावर राजकारणात गेलेली माणसं कमी नाहीत. ऑस्ट्रेलियातले थॉमस एल्डर हे त्यांतलं एक मोठं नाव. 1818 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा माणूस 1854 साली ॲडलेडला आला. लोकरीच्या व्यापारात आणि तांब्याच्या खाणींत त्याने अफाट पैसा कमावला आणि मेंढ्यांसाठी दूरवर पसरलेली कुरणं ताब्यात घेतली. 1863 ते 1869 आणि पुन्हा 1871 ते 1878 तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ सभागृहात बसला. चरित्रकोशात अशा माणसाची ओळख पशुपालक आणि व्यापारी अशी देतात आणि पुढे काही वर्षं राजकारणात होता असं जोडतात. ओळख खोटी नाही. तरीही मला ती अपुरी वाटते, कारण एल्डरसाहेबांची जनावरं एल्डरसाहेब वळत नव्हते.

1866 साली त्यांनी कराचीहून शंभरावर उंट बोटीने मागवले. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. उंटांबरोबर त्यांना हाकणारी तीसेक माणसंही गेली. तिकडे या सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत, मग तो बलुच असो की सिंधी. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या पोटातून लोकर, पाणी आणि तारेचे खांब पुढे पोचले ते यांच्या पायांवर. ज्या सभागृहात एल्डर बसत होते, त्याच्या मतदानालाच मालमत्तेची अट होती. पुढे 1902च्या कायद्याने आशियातून आलेल्यांना आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना संघराज्याच्या मतदारयादीत नव्याने शिरायची वाटच बंद केली. उंटांचा मालक सभागृहात गेला, बाहेर पडला आणि पुन्हा आत गेला. उंट वळणाऱ्याला त्या दारापर्यंत पोचणंही अवघड होतं. राजकारणात थोडे दिवस जाऊन यायचं तर आपल्या मागे राबणारं कुणीतरी लागतं. एल्डरांकडे अशी माणसं पगारावर होती.

'पशुपालक' हा शब्दच फसवा आहे. जनावर कुणाचं आणि त्याच्यामागे दिवसभर फिरतं कोण, हे तो सांगत नाही. आपल्याकडचा 'गुराखी' त्यामानाने स्वच्छ आहे. गुराखी म्हणजे राखणारा. बहुतेकदा तो राखतो ती गुरं दुसऱ्याची असतात. डांगाच्या या पट्ट्यात गावाची गुरं एकत्र करून एखाद्याच्या हवाली करायची आणि वर्षाचा मोबदला धान्यात मोजायचा, अशी जुनी रीत आहे. डोक्यावर इरलं, हातात काठी, फडक्यात नागलीची भाकर, आणि पुढ्यात तीस-चाळीस घरांची मालमत्ता. इथलं डांगी जनावर पावसाचं. त्याच्या कातडीतून तेलकट ओल सुटते, म्हणून धो धो पावसातही ते उभं राहतं. खूर काळे आणि टणक, चिखलणीला न थकणारे. त्या पावसात त्याच्यासोबत उभं राहणाऱ्या पोराच्या कातडीला मात्र तसलं काही वरदान नाही.

वाघबारशीच्या दिवशी या पोराला मान मिळतो. गावाच्या शिवेवर वाघदेवाचा लाकडी खांब असतो. त्यावर वाघ, नाग, मोर, वर सूर्य-चंद्र कोरलेले आणि रंगवलेले. पावसाळाभर गुरं सुखरूप राहिली म्हणून त्याला शेंदूर लावायचा, रानातच रांधायचं, आणि ते सगळं गुराख्यांच्या हातून. एका वर्षी मी असा एक खांब जवळून पाहिला. वाघाचे पट्टे नव्याने रंगवलेले होते आणि खाली बुंध्याशी गुरांनी अंग घासून घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं. गाव आपल्या राखणदाराचं ऋण वर्षातून एकदा तरी उघडपणे मानतं. राजकारणाच्या वर्षात असा एकही दिवस मला सापडलेला नाही.

सुरगाण्याला राजकारण नवं नाही. कॉम्रेड जिवा पांडू गावित इथून 1978 साली पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि पुढे एकूण सात वेळा आमदार झाले. आयुष्यभराचं राजकारण म्हणजे काय, हे या तालुक्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. मला त्याबद्दल आदर आहे. पण जन्मभर त्यातच राहणाऱ्याचं एवढं कौतुक करता करता, थोडे दिवस येऊन परत जाणाऱ्याला आपण फार सहज मोडीत काढतो. 'एकदाच झाले, नंतर दिसलेच नाहीत', 'संपला तो आता'. कुणी आपणहून घरी परतला असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

आणि इथल्या गावगाड्यात तर व्यवस्थाच थोड्या दिवसांची आहे. आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत सरपंच आदिवासीच असतो. 2011पासून राज्यभर निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आरक्षण फिरतं असल्यामुळे पाच वर्षांनी खुर्ची बहुधा दुसऱ्या कुणाकडे जाते. म्हणजे चार शेळ्या पाळणारी, बोरगावच्या बाजूला सापुतारा रस्त्यावर हंगामात स्ट्रॉबेरीच्या पेट्या मांडून बसणारी एखादी बाई पाच वर्षं सरपंच होते आणि पुन्हा शेळ्यांकडे, पेट्यांकडे वळते. चरित्रकोशाच्या भाषेत तीही पशुपालक, व्यापारी आणि काही वर्षं राजकारणात. तिला कोशात जागा मिळणार नाही, हे मी समजू शकतो. मला लागतं ते वेगळंच. तिच्या पाच वर्षांत मासिक सभेच्या दिवशी शेळ्या कुणी नेल्या? बहुतेक घरांत उत्तर एकच निघतं, शाळेत जाणाऱ्या मुलीने. आईच्या राजकारणाची किंमत मुलीच्या हजेरीपटावर पडते. सरकार सरपंचाला मानधन देतं, प्रशिक्षण देतं. सभेच्या दिवशी तिचा कळप सांभाळायला माणूस देणं, निदान त्याची मजुरी देणं, ही मागणी कुणाला हास्यास्पद वाटली तरी मी ती मनापासून करतो. शहरातल्या नोकरदाराला मतदानाला भरपगारी सुट्टी मिळते. ती मजुरीही त्याच न्यायाची आहे.

कायद्याला ही माणसं अगदीच अनोळखी आहेत असंही नाही. 2006च्या वनहक्क कायद्यात कसणाऱ्याच्या प्लॉटबरोबर चराईचा सामूहिक हक्कही स्वच्छ लिहिलेला आहे, आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वहिवाटीचाही. बोलबाला मात्र प्लॉटचा झाला. प्लॉटला नाव असतं, सातबारा मागता येतो. चराईचा हक्क सगळ्यांचा, म्हणून त्याची फाइल घेऊन फिरणारा कुणी नाही. ज्याने फिरावं तो गुरांमागे असतो.

म्हणून मोर्चाचे ते सहा-सात दिवस मला मोठे वाटतात. 6 मार्चला नाशिकहून निघालेली माणसं कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत सुमारे 180 किलोमीटर चालली. त्यांत सुरगाण्याची माणसं फार मोठ्या संख्येने होती. 11 तारखेला मुंबईतल्या सोमय्या मैदानावर पोचल्यावर, दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर आहे, मुलांची अडचण नको, म्हणून सोललेल्या पायांनी रात्रीतच उठून ती आझाद मैदानाकडे निघाली. हे सारं छापून आलं, ते योग्यच झालं.

मोर्चाची वेळही मला महत्त्वाची वाटते. होळी नुकतीच होऊन गेली होती. खळी आटोपलेली, राब भाजायचं काम अजून पुढे. डोंगरातल्या माणसाला वर्षात मोकळीक मिळते ती एवढीच, आणि तीसुद्धा माणसांना मिळते, जनावरांना नाही. हजारो माणसं बाहेर पडली याचा अर्थ गावोगाव हजारो दावी दुसऱ्यांच्या हातात गेली होती. म्हाताऱ्या, लहान पोरं, बाळंतिणी, एखादा पाय मोडून बसलेला. एल्डरांकडे जे काम पगारी माणसं करत, ते इथे शेजाराने केलं. 12 तारखेला लेखी आश्वासन मिळालं आणि रात्री माणसं रेल्वेने परत निघाली. त्या आश्वासनातलं पुरेसं हाती पडलं नाही, म्हणून 2019मध्ये आणि 2023मध्ये माणसं पुन्हा रस्त्यावर आली. प्रत्येक वेळी मागे कुणीतरी दावं धरून उभं होतं.

मी आजींना विचारलं, मुलगा परत आला तेव्हा मुंबईचं काय सांगितलं? त्या म्हणाल्या, सांगायला कुठे थांबला. पायाला फडकं बांधलेलं होतं तसाच आधी गोठ्यात गेला, शेळ्या मोजल्या. सहाच्या सात झाल्या होत्या.