जनीचे जाते आणि आजीचा प्रश्न



भगवद्भक्त वाचकहो, ज्येष्ठ लागला की आपल्या दिंड्यांची लगबग सुरू होते. पताकांना नवे कापड येते, मृदंगाच्या वाद्या आवळल्या जातात, विणेकऱ्याच्या जोड्यापर्यंत सगळ्याची विचारपूस होते. अशा वेळी मासिकात वारीचे माहात्म्य लिहावे ही रीतच आहे, आणि ते लिहिणारे अधिकारी पुरुष आपल्यात पुष्कळ आहेत. मी आज वारीला जे जात नाहीत, घरी राहतात, त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणार आहे. खरे म्हणजे एकीविषयीच. ती माझी आजी.

पैठणच्या खाली, गोदाकाठी आमचे गाव. घरात वारी पूर्वापार. वडील आणि चुलते आळीपाळीने नाथांच्या पालखीबरोबर जात. एकाने पेरणी सांभाळायची, एकाने वारी. आई आणि चुलती पेरणीच्या दिवसांत दिवसभर रानात. घर राही ते आजीच्या अंगावर. आजोबा मी पाहिलेच नाहीत. ते गेल्यापासून तिच्या नावाची वारी पुढच्या वर्षावर पडली होती, आणि पुढचे वर्ष काही येत नव्हते.

तिचा दिवस कोंबड्याच्या आधी उजाडे. अंगणात शेणाचा सडा, उंबऱ्यापाशी दोन बोटांची रांगोळी, मग गोठा. म्हैस तिच्याशिवाय कोणाला पान्हा सोडीत नसे. धार काढून झाली की चुलीतली राख बाजूला सारायची, ती वाया घालवायची नाही. काही भांड्यांना, काही तुरीच्या कणगीत कीड लागू नये म्हणून. मग निखाऱ्यावर फुंकणी. एका चुलीवर भाकरी, वैलावर कालवण, आणि हात मोकळा असेल तेवढ्यात पोरांच्या वेण्या. न्याहारी बांधून माणसे रानात गेली की आपल्याला वाटे, झाले, आता म्हातारी बसेल. ती बसे खरी, पण मांडीवर सूप घेऊन. ज्वारीतले खडे, डाळीतला भरडा, तांदळातल्या अळ्या. कोणी विचारले, आजी काय चाललंय? तर उत्तर ठरलेले. ‘काय न्हाई, बसलेय.’

गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. पण आजीचे जाते सुटले नव्हते. डाळ भरडायची तर जात्यावर, आणि एकादशी सोडून देवाच्या नैवेद्याची मूठभर ज्वारीसुद्धा जात्यावरच. गिरणीत पीठ जळते, म्हणे. दुपारी वाती. चातुर्मासात तिचा लाख वातींचा नेम असे. शंभर वाती झाल्या की तुरीचा एक दाणा वाटीत टाकायचा, हा तिचा हिशोब. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसायची, तुळशीपुढे दिवा, पुन्हा धार, पुन्हा चूल. रात्री सगळे जेवले की शिंक्यावरचे दही पाहायचे, दाराची कडी पाहायची, मांजराला घालवायचे. नाम घेताना मी तिला कधी वेगळी बसलेली पाहिली नाही. पण सूप पाखडताना ओठ हलत असत, एवढे मात्र खरे. त्यात किती नाम होते आणि किती म्हशीला दिलेल्या शिव्या, हे पांडुरंगालाच ठाऊक.

सन १९८१. मी वीस वर्षांचा होतो. आळंदीत चार वर्षे राहून, ज्ञानेश्वरी, गाथा, थोडे व्याकरण, थोडा न्याय असे पदरात बांधून घरी आलो होतो. विद्येचा कैफ भांगेपेक्षा वाईट असतो, कारण तो उतरला तरी माणसाला कळत नाही. गावकऱ्यांनी मारुतीच्या देवळात माझे प्रवचन ठेवले. मी विषय घेतला जनाबाईंचा. गंगाखेडची पोर, नामदेवरायांच्या घरची दासी, दळता कांडता देव जोडला. मग अठराव्या अध्यायातले ज्ञानोबारायांचे ते सुप्रसिद्ध स्थळ आणले, की वाट्याला आलेले कर्म हेच फूल, आणि त्या फुलांची पूजा सर्वात्मक ईश्वराला पोहोचते. लोकांनी माना डोलावल्या. मीही मनातल्या मनात डोलावली.

आजी देवळात आली नव्हती. धारेची वेळ होती. पण कर्ण्याचा आवाज गोठ्यापर्यंत जात होता.

रात्री ती मला वाढत होती. मी म्हणालो, ‘आजी, ऐकलंस ना? तुझं जातं हीच तुझी पंढरी. तुला वारीची गरजच नाही.’

तिने तव्यावरची भाकरी उलथली, निखाऱ्याला लावली, फुगू दिली. मग म्हणाली, ‘आसं व्हय? मंग तुझी पोथी हीच तुझी पंढरी का न्हाई? तू कशाला चाललास?’

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारल्यासारखे विचारले. आणि लगेच, ‘आर्धी देऊ का अजून?’

वाचकहो, पुढे पंडितसभांमधून अनेक पूर्वपक्ष ऐकले. एवढा बिनतोड एकही नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. शास्त्र चुकीचे म्हणावे तर ते माउलींचे. आणि बरोबर म्हणावे तर मी पताका उचलून तिला चुलीपाशी का ठेवतो आहे? घरातली माणसे वारीला जातात, तेव्हा ‘कर्म हीच पूजा’ कोणी म्हणत नाही. हे वचन आठवते ते नेमके म्हातारीने राहावे असे वाटते तेव्हाच.

व्याकरण शिकलेल्या माणसाला अडचणीत व्याकरणच आठवते. पाणिनीमहाराजांनी कर्ता कोण हे ठरवताना ‘स्वतंत्र’ हा शब्द घातला आहे. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. आणि जो दुसऱ्याकडून करवितो त्याला हेतू असे वेगळे नाव दिले आहे. आता आमच्या घराचा अन्वय लावून पाहा. दळते कोण? आजी. दळविते कोण? आम्ही सगळे. आणि पूजा कोणाच्या नावावर घालतो? तिच्या. ‘स्वकर्म’ या शब्दातला ‘स्व’ तिला आम्ही कधी विचारलाच नव्हता. दुसऱ्याने तोडायला लावलेले फूल देवाला चालत नाही असे मी म्हणत नाही, त्याचे तो पाहील. पण तोडायला लावणाराने त्याचे निरूपण करू नये, एवढे मला त्या रात्री समजले.

मग मी जनाबाईंची कथा पुन्हा मनाशी घोळवली. हजार वेळा सांगितली जाणारी गोष्ट आहे, तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. जनी दळते आहे, रात्र आहे, हात दुखत आहेत. देव येतो. आल्यावर काय करतो? ‘जने, तुझे दळण हीच माझी भक्ती, चालू दे,’ असे म्हणून तो राउळात परत जात नाही. समोर बसतो आणि खुंट्याला हात लावतो. जनीला दळणाचे तत्त्वज्ञान सांगणारा देव आपल्या संप्रदायात नाही. दळू लागणारा आहे.

पैठणला नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे. श्रीखंड्या होऊन भगवंताने बारा वर्षे पाणी भरले, गंध उगाळले, ही कथा तुम्हांला नवी नाही. नाथषष्ठीला लोक अजून त्या रांजणात पाणी ओततात, आणि तो भरून वाहिला की देव येऊन गेला असे मानतात. पाहा, देव आल्याची खूण काय ठेवली आहे? समाधी लागली, प्रकाश दिसला, असे काही नाही. पाणी भरले गेले. घरातल्या कोणा बाईच्या डोईवरची एक घागर कमी झाली. चोखोबांची, गोरोबांची, सावतोबांची चरित्रे याच अंगाने पाहावीत. विस्तारभयास्तव येथे थांबतो.

कोणी म्हणेल, महाराज, ही जुन्या काळची रडकथा झाली. आता जाते कोठे, घागर कोठे? नळ आला, गॅस आला, मिक्सर आला. खरे आहे. पण आज मी सप्ताहांना गावोगाव जातो, तेव्हा एक दृश्य सोडत नाही. मंडपात दोन-अडीचशे पुरुष मांडी घालून पुढे. मागे कापडी पडद्यापलीकडे दहा-पंधरा बाया, त्यांतल्या निम्म्या साठीच्या पुढच्या, परातीवर वाकून कणीक मळताहेत, लसूण सोलताहेत. कीर्तन त्यांच्या कानावर कर्ण्यातून पडते, तेही फोडणीच्या आवाजातून. आणि कीर्तनात विषय काय? जनाबाई. मी स्वतः असे कीर्तन केले आहे, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. आता माझा एक हट्ट आहे. सप्ताहात एक दिवस स्वयंपाक टाळकऱ्यांनी करायचा आणि त्या बायांनी पुढे, विणेकऱ्याजवळ बसायचे. काही गावांनी मानले, काहींनी पुढच्या वर्षी बोलावणे पाठवले नाही. ज्यांनी मानले तेथे त्या दिवशी भात करपतो, हेही सांगून टाकतो.

असो. १९८१ची हकीकत अर्धी राहिली.

सकाळी मी वडिलांना म्हणालो, यंदा माझ्या जागी आजी जाईल, मी घर पाहीन. ते हसले. चुलती हसली. सर्वांत जास्त आजी हसली. म्हणाली, ‘म्हस लाथ घालील म्हाराज तुला.’ पण तिसऱ्या दिवशी पाहिले तर तिने ट्रंकेतले नऊवार लुगडे काढून उन्हात टाकले होते. गावातल्या चौघी बायका दिंडीत जाणाऱ्या होत्या, त्यांच्या सोबतीने ती निघाली. डोईवर तुळस घ्यायची तिची फार इच्छा होती. सत्तरीच्या बाईला सगळी वाट झेपेना, म्हणून आळीपाळीने घ्यायचे ठरले.

पुढचा महिना मी लिहावा असा नाही. म्हशीने पहिले चार दिवस पान्हा चोरला. शेवटी आजीचे जुने लुगडे अंगावर पांघरून मी धारेला बसलो, तेव्हा कोठे ती उभी राहिली. गल्लीतली पोरे ते पाहायला जमत. सूप पाखडताना खडे सुपात आणि दाणे अंगणात. भाकरी थापायला गेलो तर तिला गोदावरीसारखी वळणे. रात्री रानातून आलेली आई काही न बोलता काठवट माझ्याकडून ओढून घेई. मला सर्वांत दमवले ते या मोठ्या कामांनी नाही. मोजता न येणाऱ्या कामांनी दमवले. दूध ऊत जाण्याच्या आधी तेथे असणे. पाऊस येण्याआधी गोवऱ्या झाकणे. शेजारची बाई विरजण मागायला आली तर ते असणे. चार वर्षांत तर्कसंग्रह तोंडपाठ करताना चित्त एवढे जागे ठेवावे लागले नव्हते. आणि वाती! दिवसभरात मला चाळीस जमल्या. तुरीचा एक दाणाही वाटीत पडला नाही. नामाचे म्हणाल तर पहिले पंधरा दिवस एकदाही आठवले नाही. तिचे ओठ कसे हलत असतील, हे मला त्यानंतर कोडेच झाले, ते अजून तसेच आहे.

आषाढी झाली. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला. पुढे काही दिवसांनी संध्याकाळी ती एसटीतून उतरली. पायांना भेगा, चेहरा उन्हाने काळवंडलेला, पिशवीत बुक्का, लाह्या, आणि नातवंडांना तुळशीच्या माळा. मी पायांवर डोके ठेवले. मला वाटले, आता काही दर्शनाचे सांगेल. तिने विचारले, ‘म्हस किती देती?’

रात्री सगळे भोवती बसले तेव्हा हळूहळू बोलली. रांगेत किती तास गेले ते तिला सांगता आले नाही. पायांवर डोके ठेवायला मिळाले ते क्षणभरच, मागून लोटले. ‘पाय गार लागले रे. आठ्ठावीस युगं उभा, कोणी शेकायला देत आसंल का त्याला?’ मग पुष्कळ वेळ गप्प. मग गोपाळपुराचे सांगितले. तिथे जनीचे जाते दाखवतात, तेही तिने पाहिले होते. बाया हात लावून खुंटा फिरवतात, तसा तिनेही फिरवला होता.

मी उत्सुकतेने विचारले, ‘मग? काय वाटलं, आजी?’

‘टाकी लावाया झालीय त्याला,’ ती म्हणाली. ‘आन् आपल्यालाबी. उद्या टाकीवाला आला तर हाक मार.’

टाकीवाला चार दिवसांनी आला. जाते टाकून झाले तेव्हा पहाटेची वेळ साधून ती दळायला बसली. मी उठून समोर जाऊन बसलो. तिने काही विचारले नाही. वैरणीची मूठ घातली, खुंट्यावरचा हात थोडा वर सरकवला, खाली माझ्या हातापुरती जागा केली, आणि म्हणाली, ‘उलटा ओढू नको. माझ्याकडून तुझ्याकडं येऊ दे.’