हुदहुदची खबर



दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) आणि हुदहुद पक्ष्याचा प्रसंग आला आहे. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला हा पक्षी आपल्या परभणीच्या शिवारातही लांब चोचीने किडे टिपताना दिसतो. सुलैमान (अलै.) यांनी पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा तो जागेवर नव्हता. सबळ कारण न दिल्यास कठोर शिक्षा होईल, असे त्यांनी बजावले. थोड्याच वेळात हुदहुद आला व म्हणाला की, आपणास माहीत नसलेली गोष्ट मला कळली आहे आणि मी सबाहून पक्की खबर आणली आहे.

ज्यांच्या सैन्यात माणसे, जिन्न आणि पक्षी होते, त्या पैगंबरांना एक मूठभर पक्षी असे सांगतो! सुलैमान (अलै.) यांनी त्याला गप्प केले नाही. खबर डोळे झाकून स्वीकारलीही नाही. खरेखोटे पाहू, असे म्हटले आणि सबाच्या राणीला पत्र पोहोचविण्याचे काम त्याच पक्ष्यावर सोपविले. मदरशात ही आयत मी कितीदा तरी वाचली होती. तिचा अर्थ मात्र मला एका जळालेल्या मोटारीने शिकविला.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. आपल्याकडचा मे कसा असतो हे आपणास सांगायला नको. जिल्ह्यातील एका खेड्यात तेव्हा मी इमामत करीत होतो. एके दिवशी असरच्या वेळी वुजूच्या नळांना पाणी येईना. मस्जिदीच्या विहिरीवरची मोटार जळाली होती. पुढचे तीन दिवस रोजेदार मायबहिणींनी घरून घागरी भरून पाठविल्या. मुअज्जिनसाहेब माझ्या वडिलांच्या वयाचे. ते हळूच म्हणाले, “मौलाना, आठ दिवसांपासून मोटारीचा आवाज बदलला होता.”

“मग सांगितलं का नाही, चाचा?”

ते खाली पाहत राहिले. उत्तर मलाच आठवले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी चटयांविषयी काही सुचविले, तेव्हा चारचौघांत मी म्हणालो होतो, “चाचा, तुम्ही अजान द्या, बाकीचं कमिटी पाहील.”

वाचकहो, आपल्या किती मस्जिदींत, संस्थांत, घरांत हे वाक्य रोज उच्चारले जाते! एकदा सदर निवडला की वीजबिलापासून वर्गणीपर्यंत सारा भार त्याच्या माथी आणि शिव्याही त्यालाच. मग तोही म्हणतो, मला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकू नका. वास्तविक सूरह अश्-शूरामध्ये (४२:३८) परस्पर सल्ल्याने कारभार करण्याचा उल्लेख नमाज आणि अल्लाहने दिलेल्यातून खर्च करणे यांच्या मधोमध आला आहे. नमाज सदरावर सोपवून आपण घरी बसत नाही. मशवराच तेवढा का सोपवावा?

प्रत्येकजण पुढाकार घेऊ लागला तर शिस्त राहील काय, अशी शंका कोणी घेईल. हिजरी सन २ मध्ये बद्रच्या मैदानी घडलेली गोष्ट सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. हजरत हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांना तळाची जागा योग्य वाटली नाही. त्यांनी आधी विचारले की, ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली आहे की युद्धाची तदबीर म्हणून? तदबीर आहे असे कळल्यावरच त्यांनी शत्रूला जवळ असलेल्या पाण्यापाशी तळ नेण्याचे सुचविले आणि प्रेषित (स.) यांनी तळ हलविला. आदेशापुढे अदब आणि तदबीरीत निर्भीड मत, दोन्ही एकाच माणसापाशी होते.

सन ६ मधील हुदैबियाचा प्रसंग तर याहून बोलका आहे. तहाच्या अटींनी सहाबा इतके व्यथित झाले होते की कुर्बानी करण्यास सांगूनही कोणी उठेना. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचविले की, आपण कोणाशी काही न बोलता बाहेर जाऊन स्वतःची कुर्बानी करावी व केस उतरवावेत. प्रेषितांनी तसे केले आणि सारे उठले. हा सल्ला तंबूच्या आतून आला होता. आमच्या मस्जिदीला तीन दिवस ज्यांनी पाणी पुरविले त्या स्त्रियांना मोटारीविषयी कोणी कधी विचारले नव्हते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आपल्याच राज्यातील भिवंडी पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. शांतता राखण्याचे काम त्यांनी एकट्या पोलिसांकडे ठेवले नाही. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवाशांना त्यात वाटेकरी केले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. संकट येण्याआधीच माणसे एकमेकांशी बोलत होती.

पुढच्या जुम्याला ज्यांच्यासमोर मी चाचांना गप्प केले होते, त्यांच्यासमोरच त्यांची माफी मागितली. कमिटीने मोटारीच्या खोलीची किल्ली त्यांच्या हाती दिली. मी आता दुसऱ्या गावी असतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. बेअरिंग आवाज करीत होते म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावून ते बदलून घेतले होते, कमिटीला नंतर कळविले होते.

“सदरसाहेब रागावले असतील?” मी विचारले.

“आधी रागावले,” चाचा म्हणाले, “मग पावती मागितली.”