शेवटच्या रिळातला माणूस

हिंदी सिनेमात मारामारी संपल्याशिवाय पोलीस येत नाहीत, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खलनायक पोत्यासारखा पडलेला, गोदामातली सगळी खोकी फुटून झालेली, आणि मग सायरन वाजतो! जीपमधून एक भारदस्त गृहस्थ उतरतात, हवालदारांना खूण करतात, बेड्या पडतात. तोवर आपले पाय चपला शोधायला लागलेले असतात.

हे गृहस्थ पुष्कळदा जगदीश राज असत. नावावरून ओळख पटणार नाही. चेहरा पाहिलात तर ‘अरे, हा होय!’ म्हणाल. त्यांची कन्या अनीता राज नायिका झाली, तिचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं. जन्म १९२८ सालचा, सरगोध्याचा. पुढे ते गावच पाकिस्तानात गेलं. २०१३च्या जुलैत मुंबईत ते वारले. दरम्यान त्यांनी १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी रंगवला आणि गिनीज बुकानं त्याची विक्रम म्हणून नोंद घेतली. आकडाही बघा कसा नेमका, जमावबंदीचा! (२०२४पासून ते कलम १६३ झालंय म्हणे. कलमालासुद्धा बदली मिळते.)

आता प्रश्न असा, की हा मान की अपमान?

आमच्या चिरंजीवांच्या मते अपमान. त्यांनी सहा वर्षांत पाच नोकऱ्या बदलल्या. “बाबा, एकच रोल १४४ वेळा? यात ग्रोथ कुठाय?” मी गप्प बसलो. कारण मी चौतीस वर्षं आवक-जावक रजिस्टर लिहिलं, आणि प्रश्न फक्त जगदीश राजांबद्दल नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, वाट्याला आलं ते गोड मानावं. माफ करा, पण हा उपदेश मला नेहमी चांगल्या वाट्याची माणसंच करतात. इफ्तेखार पुष्कळदा वर्दीत दिसायचे, तरी १९७५च्या ‘दीवार’मध्ये त्यांना स्मगलर व्हायला मिळालं. नायकाचं तर विचारूच नका. १९७३च्या ‘जंजीर’मध्ये तोही इन्स्पेक्टरच, पण लाचेच्या खोट्या आरोपात अडकून तुरुंगात जातो आणि पुढे स्वतःच हिशेब चुकते करतो. नायकाची वर्दी ही उतरण्यासाठीच असते. ती अंगावर ठेवून वेळेवर (म्हणजे उशिरा) हजर राहायला कुणीतरी दुसरा लागतो.

बरं, माणूस निष्ठेनं एका जागी राहिला की दुसरीकडे कुणी बोलावलं नाही म्हणून राहिला, हे बाहेरून ओळखता येत नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दहा वर्षांनंतर आतूनही नीटसं सांगता येत नाही. मीसुद्धा बढतीची परीक्षा दिली नाही ती तत्त्वासाठी की अभ्यासाच्या कंटाळ्यानं, हे हिला अजून पटवू शकलेलो नाही.

पण एक गोष्ट मला दिसते. तो इन्स्पेक्टर जीपमधून उतरताना जरा जरी ‘चला, उरका’ अशा चेहऱ्यानं उतरला असता, तर अडीच तासांची सगळी मारामारी फुकट गेली असती. खलनायक आता खरोखर आत जाणार, हे प्रेक्षकाला नायकाच्या मुठीवरून पटत नाही. त्या चेहऱ्यावरून पटतं. आणि प्रेक्षक तर नवा असतो! तिकीट काढून आलेल्या माणसाला याची ही कितवी जीप, याच्याशी काय कर्तव्य? पेन्शनचा अर्ज घेऊन खिडकीशी उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यालाही माझी ती कितवी नोंद हे ठाऊक नसायचं. त्याचा मात्र तो एकुलता एक अर्ज असायचा. पोच हातात पडली की तो ती दोनदा वाचायचा.

हे मी चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, “मग तुमचं नाव नाही कुठल्या बुकात?”

होतं की. रोज होतं, प्रत्येक पानाच्या तळाशी, सहीसकट. ती रजिस्टरं रेकॉर्डरूममध्ये वाळवीनं खाल्ली.