ईश्वर वारशाने न मिळालेली माणसे

नास्तिकाला नाकारण्यासाठी तरी एक ईश्वर लागतो. परंतु ज्याला आईबापांनी स्तोत्र शिकविले नाही की त्याची टवाळीही शिकविली नाही, श्रद्धेची सनद किंवा तिच्याविरुद्धची फिर्याद यांपैकी काहीच ज्याच्या वाट्याला आले नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न डग्लस कोपलंड या कॅनेडियन कादंबरीकाराने १९९४ साली ‘लाइफ आफ्टर गॉड’ या कथासंग्रहात उपस्थित केला. तीन वर्षांपूर्वीच्या ‘जनरेशन एक्स’ने त्यांना कीर्ती दिली, मला मात्र हा लहानसा संग्रहच अधिक मोलाचा वाटतो. व्हँकूव्हरच्या सुखवस्तू उपनगरांत धर्माविना वाढलेला निवेदक अखेरीस अरण्यातील थंडगार ओढ्यात उतरतो आणि आपणास ईश्वराची गरज असल्याची कबुली देतो.

गरज हा अस्तित्वाचा पुरावा नव्हे, असे तर्कशास्त्री तत्काळ बजावील, आणि ते रास्तच आहे. तथापि घरचा संस्कार, नरकाचे भय, पुरोहिताचा धाक ही धर्मभावनेच्या उगमाची जी कारणे आपण एरवी बिनदिक्कत दाखल करतो, ती येथे एकेक करून गैरलागू ठरतात, आणि तरीही ती आर्तता उरतेच; तिचा उलगडा करण्याच्या फंदात लेखक पडत नाही, हे बरे.

कोपलंड मुळात शिल्पकलेचे विद्यार्थी. त्या संग्रहातही त्यांची स्वतःची रेखाचित्रे आहेत. पुढे तर ते उघडपणे शिल्पाकडे वळले. एक पाय गमावूनही कर्करोग-संशोधनाच्या निधीसाठी १९८० साली कॅनडा धावत ओलांडावयास निघालेल्या टेरी फॉक्सचे, क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे चार कांस्यपुतळे त्यांनी २०११ साली व्हँकूव्हरच्या बीसी प्लेस क्रीडागारासमोर उभे केले. निर्गुणाशी ज्याचा परिचय नाही, त्याने असा सगुणाचा आश्रय करावा, यात मला विसंगती दिसत नाही.

‘हे नॉस्ट्राडेमस!’ (२००३) या कादंबरीत, शाळेतील गोळीबाराच्या वेळी दगड फेकून एका हल्लेखोराला ठार करणाऱ्या मुलाला त्याचा कर्मठ पिता रेज खुनी ठरवितो. इतक्या निष्ठुर श्रद्धाळूला खलनायक करून सोडणे सोपे होते. पण कोपलंड अखेरचे निवेदन त्यालाच देतात, आणि वृद्ध रेज बेपत्ता झालेल्या त्याच पुत्राला उद्देशून पत्र लिहू लागतो. ज्याचा ठावठिकाणा नाही अशाला हाक घालण्याची पाळी येथे श्रद्धावंतावरही येते, आणि ओढ्यातल्या त्या निवेदकाहून तो आता फार निराळा राहत नाही.