मनूचा कुंभ आणि पाळलेला मासा

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव हे गाव माशाला परके नाही. पहिला मोठा पाऊस झाला की खाडीकडून आणि ओढ्यांतून भातखाचरांत चढणारी माशांची वलगण, बांधाच्या उघाडीपाशी पाग घेऊन उभी राहिलेली माणसे आणि त्या रात्री घरोघर शिजणारे कालवण, हा या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे; आणि त्यात काही पाप घडले अशी टोचणी येथील आगरी-कोळी माणसाला लागल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. अशा गावात एखाद्या घराच्या खिडकीत, काचेच्या बरणीत, दुकानदार ‘फायटर’ म्हणून विकतात तो बेट्टा जातीचा निळा-तांबडा मासा दिसावा, आणि त्याचे आयुष्य लांबावे कसे हा धर्माचा प्रश्न म्हणून कोणी पुढे मांडावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु पाग टाकणारा माणूस माशाची शेवटची घटका घेतो, त्याआधीचे सारे आयुष्य त्या माशाचे स्वतःचे असते. पाळणारा मात्र ती शेवटची घटका तेवढी दैवावर सोडून बाकीच्या सगळ्या घटका आपल्या कब्जात घेतो. खाणाऱ्यापेक्षा पाळणाऱ्याची जबाबदारी अधिक दीर्घ आहे, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

मत्स्यपालनाची आपल्याकडील अतिप्राचीन कथा शतपथब्राह्मणात आहे. सकाळी हात धुण्याकरिता आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक इवलासा मासा लागला. त्याने अभय मागितले, कारण लहानपणी माशालाच मासा गिळतो. आणि आपल्याला आधी कुंभात, कुंभ अपुरा पडल्यावर खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात न्यावे, असे त्यानेच सांगितले. पुढच्या प्रलयाकडे आणि नौकेकडे आपले लक्ष इतके वेधलेले असते की या पहिल्या भागातील धर्मविचार नजरेआड होतो. तेथे पात्राचे माप पाळणाऱ्याच्या सोयीने ठरत नाही, पाळल्या जाणाऱ्याच्या गरजेने ठरते. कुंभ हा आश्रय आहे, मुक्काम नव्हे. आणि आश्रयाची याचना माशाने स्वतः केलेली आहे. कुर्ल्याच्या बाजारातून किंवा क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत बांधून आणलेल्या बेट्ट्याने अशी याचना कोणाकडेही केलेली नसते.

हा मासा मूळचा सयामचा, आजच्या थायलंडचा. तेथल्या भातखाचरांतील आणि दलदलीतील उथळ, संथ, गवताळ पाण्यात तो राहतो. डोक्यातील एका चक्रव्यूहासारख्या इंद्रियाने तो वरची हवा प्रत्यक्ष घेऊ शकतो, आणि या एका सामर्थ्यापायी त्याचा घात झाला आहे. कारण जो पेलाभर पाण्यात मरत नाही त्याला पेलाभर पाणी पुरते, असे अनुमान आपण काढून टाकले. उथळ पाणी म्हणजे थोडे पाणी नव्हे. खारबावच्या खाचरात श्रावणात पाणी घोट्याएवढेच असते, पण ते बांधापासून बांधापर्यंत पसरलेले असते. या माशांच्या झुंजी लावण्याचा परवाना सयामात मक्त्याने दिला जाई आणि राजाला त्यातून बराच महसूल मिळे, असे थिओडोर कँटर याने १८४९ साली लिहून ठेवले आहे. रानातल्या झुंजीत हरलेला नर पळून जातो. भांड्यात पळायला जागाच नसते. तेव्हा ज्या क्रौर्याबद्दल आपण या प्राण्याला नाव ठेवले, त्यातले बरेचसे माणसाच्या निवडीचे आणि माणसाच्या भांड्याचे आहे. हाच नर पाण्याच्या पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो, खाली घरंगळणारे एकेक अंडे तोंडात धरून पुन्हा त्या फेसात नेऊन ठेवतो आणि पिले पोहू लागेपर्यंत पहारा सोडत नाही. ज्याने हे एकदा जवळून पाहिले, त्याच्या हातून मौजेखातर, झुंजीला चिथवायला, माशापुढे वारंवार आरसा धरणे होणार नाही.

चरकाने आयुष्याचा विचार करताना त्याचे मान तेवढे सांगितले नाही. हितायु, अहितायु, सुखायु आणि दुःखायु असा भेदही केला. बेट्टा साधारण तीन वर्षे जगतो, उत्तम निगा राखल्यास कधी पाचही. पण बरणीत दोन वर्षे तग धरलेल्या माशाची वर्षे मोजून समाधान मानणारा चरकाचा अर्धाच विचार घेतो. सुखायुसाठी लागणारी सामग्री फार नाही: वीसेक लिटरांची झाकण असलेली टाकी (हा मासा उडी मारतो), मंद प्रवाहाची गाळणी, पंख फाडणार नाहीत अशा मऊ पानांच्या जिवंत वनस्पती, आणि २४ ते २८ अंशांचे पाणी. माघातल्या पहाटे या भागात पारा विसाच्या खाली उतरतो, म्हणून लहानसा हीटर हवा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन अँटीक्लोरीनचे थेंब घालून घालवावे, आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे; सगळे पाणी एकदम बदलून टाकी घासूनपुसून लख्ख करू नये. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, अदृश्य जिवाणू त्याचे नायट्राइट आणि त्याचे पुढे सौम्य नायट्रेट करतात. जी टाकी आपल्याला फार स्वच्छ दिसते तीत हे जिवाणूच धुऊन गेलेले असतात आणि मासा विषात श्वास घेत असतो.

जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यातला पहिलाच, बंध, पाळणाऱ्याकडून घडून चुकलेला असतो. उरलेल्या चारांपासून तरी त्याने दूर राहावे. पण येथे खरी अडचण उभी राहते. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात, जिवाचे पोषण जिवावर करू नये, असा हुकूम दिला. बेट्टा तर किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा. आपले व्रत सांभाळण्यासाठी त्याला मुरमुरे आणि पोळीचे तुकडे घालणारी सज्जन माणसे असतात. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे, परंतु व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. मुक्या बंदिवानावर लादलेले व्रत हा अन्नपाननिरोधच होय. ज्याच्या मनाला हे पटत नसेल त्याने हा मासा आणू नये, हा मार्ग निर्दोष आहे. मात्र एकदा आणल्यावर त्याला त्याचे अन्न, दोन वेळा, मोजके दोन-चार दाणे, दिलेच पाहिजे. अतिआहाराने पोट फुगून मेलेले बेट्टे उपासमारीने मेलेल्यांहून कमी नसावेत, असा माझा समज आहे.

मग मनूप्रमाणे शेवटी याला मोकळे का करू नये, असा प्रश्न कोणी पुण्यभावनेने विचारील. खारबावला तळे आहे, ओढा आहे, खाडी आहे. पण खाडीचे खारे पाणी या माशाचे नव्हे, आणि तळ्यातील जिवांचा समाज त्याच्या ओळखीचा नाही. परदेशी मासा आपल्या जलाशयात शिरला की काय होते, हे आफ्रिकी मांगुराने दाखविले आहे, त्याच्या पालनावर बंदी घालावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या भांड्यात वाढविलेल्या लांब पंखांच्या प्राण्याला तळ्यात टाकणे म्हणजे जामीन राहिलेल्याने ऐन मुदतीत पळ काढणे आहे. मनूला समुद्राचा मार्ग मोकळा होता, आपल्याला तो नाही. म्हणून कुंभच शक्य तितका खाचरासारखा करणे आणि तो अखेरपर्यंत सांभाळणे एवढेच उरते.

तेव्हा आईबापांना माझी विनंती आहे. मुलाने हट्ट धरला तर मासा त्या दिवशी आणू नका. आधी टाकी आणा, पाणी भरा, वनस्पती लावा, गाळणी चालू करा, रोज खाद्याची चिमूट टाकून महिना-सव्वा महिना जिवाणू वाढू द्या आणि पाणी तपासण्याच्या पट्टीवर अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावरच बाजारात जा. तोवर मुलाचा उत्साह ओसरला, तर टाकीत नुसती झाडे राहू द्या.