दारात बसलेला विद्यार्थी



सूरह ताहाच्या ११४ व्या आयतीत अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) ज्ञान वाढवून मागायला शिकवतो. हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) ही दुआ अक्षरशः जगले.

इ.स. ६३२ मध्ये प्रेषितांचं (स.) निधन झालं, तेव्हा ते साधारण १३ वर्षांचे होते. त्यानंतर हदीस विचारायला ते एकेका सहाबींच्या घरी जाऊ लागले. दुपारी ते सहाबी झोपलेले असले, तर हे चादर उशाला घेऊन दारातच थांबायचे. वाऱ्यानं धूळ तोंडावर यायची. प्रेषितांचे (स.) सख्खे चुलतभाऊ ते! निरोप धाडला असता, तर कुणीही धावत आलं असतं. तसं कुणी बोलून दाखवलं, की ते म्हणायचे, यायला मीच हवं. पुढे मक्केत सईद बिन जुबैर, मुजाहिद यांच्यासारखे विद्वान त्यांच्याकडे शिकले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आम्हाला उत्तर सेकंदात हवं असतं, आणि मिळतंही. माहिती अशी मिळते. इल्मसाठी मात्र आधी आपला मोठेपणा दाराबाहेर ठेवावा लागतो. आज एखाद्या आलिमना प्रश्न विचारलात, तर उत्तरासाठी थोडं थांबा. ते थांबणंही शिकणंच आहे.

अल्लाह आपल्याला इल्म आणि अदब दोन्ही देवो. आमीन.