आजीची माया आणि समाजाचे ऋण

दसरा-दिवाळी सरली की अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांची रीघ लागते. नवराबायकोच्या जोडीस त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पाच-सहा महिने कारखान्याच्या वाटेस लागतो आणि पुष्कळ घरांत मागे उरतात ती मुले व त्यांचे आजी-आजोबा. भाकरी, शाळा, दुखणीखुपणी, सारा भार थकल्या हातांवर पडतो. यास आपण माया म्हणतो व तिची स्तुती करून मोकळे होतो. ही मोकळीक आपणांस नीतीने घेता येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

माया खरी आहे, याविषयी वाद नाही; नातवंडे ही दुधावरची साय. परंतु एखादे काम प्रेमाने पत्करले म्हणून ते पत्करणाऱ्याचे एकट्याचे ठरत नाही. आजी घरी नसती, तर मुलास शाळा सोडून फडावरच्या कोपीत जावे लागले असते, अथवा आईस घरी राहावे लागले असते. तेव्हा साखरेच्या प्रत्येक पोत्यात त्या म्हातारीचाही वाटा आहे. तो मात्र कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही.

कोणी म्हणेल, मायेस मोबदला दिला तर ती मायाच राहणार नाही. हा आक्षेप वरवरचा आहे. मोबदला मायेचा नव्हे, पिठामिठाचा व औषधाचा द्यावयाचा आहे. २००७ च्या कायद्याने वृद्धांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर, एवढेच नव्हे तर सज्ञान नातवंडांवरही टाकली. पण आज जे वृद्ध अज्ञान नातवंडांस पोसत आहेत, त्यांस हात कोणी द्यावा, हे तो कायदा सांगत नाही.

याचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो एकट्यास न पेलणारे ओझे अनेकांनी वाटून घ्यावे, याच तत्त्वावर. ते तत्त्व उसाच्या बागायतदारापाशीच का थांबावे? हंगामात मुलांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय गावातच करणारी हंगामी वसतिगृहे हे त्या दिशेचे योग्य पाऊल होय. परंतु ते सरकारची कृपा म्हणून नव्हे, तर कारखाना, गाव व साखर खाणारे आपण सर्व यांचे देणे म्हणून चालले पाहिजे. स्तुतीने ऋण फिटत नसते. ते मान्य करावे लागते आणि मग फेडावे लागते.